मुक्काम आधी, रस्ता मागून

रविवारी तू आलीस, ओटीवर टेकलीस आणि फोन माझ्यापुढे धरलास. "आबा, बघा. न्यूझीलंडचा सगळा प्लॅन तयार आहे." मी चष्मा शोधून बघितलं. १६ दिवस, दोन्ही बेटं, १३ ठिकाणं. वरच्या टोकाला ऑकलंड, खालच्या टोकाला मिलफर्ड, मधून निळी रेघ. "साडेतीन हजार किलोमीटर होतात म्हणजे दिवसाला सव्वादोनशे. काहीच नाही!" असं म्हणालीस आणि चहा प्यायलीस.

मी तेव्हा गप्प राहिलो, कारण जावईबापू समोर बसले होते आणि जावयादेखत नातीची चूक काढू नये. आता तुम्ही आसनगावला घरी पोचलात, म्हणून सावकाश सांगतो. तुझी आत्या अजून तिकडे क्राइस्टचर्चला असती तर तिनेच सांगितलं असतं, पण ती गेली मेलबर्नला. २०१८च्या डिसेंबरात मी आणि तुझी आजी तिच्याकडे महिनाभर होतो. त्यातले बारा दिवस गाडीत, आणि त्यातले चार दिवस स्टिअरिंग माझ्या हातात. तेव्हा मी अगदीच ऐकीव बोलत नाही.

तुझ्या प्लॅनमध्ये ठिकाणं आहेत, रस्ते आहेत, कुठे काय बघायचं ते आहे. झोपायचं कुठे ते नाही. मी विचारलं तर म्हणालीस, "ते वाटेत बघू, ॲपवर मिळतं." इथेच घोळ आहे.

एसटीच्या मुरबाड डेपोत मी सगळ्या तऱ्हेच्या गाड्या चालवल्या. कल्याण-नगर चालवली, यात्रेच्या जादा गाड्या चालवल्या, पण शिकलो ते मुक्कामी गाडीवर. संध्याकाळी डेपोतून सुटायचं, टोकावड्याच्या पुढे शेवटच्या गावी पोचायचं, देवळात नाहीतर शाळेच्या पडवीत पथारी टाकायची आणि पहाटे पहिली फेरी तिथूनच काढायची. या गाडीचं वेळापत्रक उलटं मांडावं लागतं. पहाटे दूधवाले आणि कॉलेजची पोरं किती वाजता मुरबाडला पोचली पाहिजेत, ते आधी. त्यावरून गाव कधी सोडायचं. त्यावरून ड्रायव्हरला झोप किती मिळणार. आणि सगळ्यात शेवटी, आदल्या संध्याकाळी डेपोतून किती वाजता हलायचं. म्हणजे झोपेची जागा आणि वेळ ठरली की रस्ता आपोआप ठरतो. रस्ता आधी ठरवलास तर झोप उरलेल्या वेळात कोंबावी लागते, आणि ड्रायव्हरची झोप कधी कोंबू नये.

यात माझी काही अक्कल नाही. नाणेघाट चढून गेलीस ना कॉलेजात असताना? वर काय आहे? सगळे सांगतात तो जकातीचा दगडी रांजण, आणि नागनिका राणीचा लेख. पण दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरला माल नेणाऱ्या माणसाला त्या लेखाचं काय? तो वैशाखऱ्याकडून घाट चढून घामाघूम होऊन वर यायचा तेव्हा त्याला दिसायच्या पाण्याच्या टाक्या आणि पाठ टेकायला कोरलेलं लेणं. ज्यांनी तो घाट बांधला त्यांना ठाऊक होतं की चढ संपतो तिथे माणूस थांबणार.

आता किलोमीटरचं बघू. तुमची पिढी समृद्धीवर गाडी शिकली. २०२५च्या जूनमध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा उघडला आणि आपल्या शहापूरच्या डोंगरातून गाड्या सुसाट जायला लागल्या. त्यामुळे तुमच्या डोक्यात शंभर किलोमीटर म्हणजे एक तास असं बसलंय. न्यूझीलंडचा 'स्टेट हायवे' हा शब्द ऐकून समृद्धी डोळ्यापुढे आणू नकोस. दक्षिण बेटावर तो बहुतेक ठिकाणी जाणारी एक लेन, येणारी एक लेन, मध्ये रंगाचा पट्टा आणि बाजूला दरी, नदी नाहीतर मेंढ्यांचं कुंपण, असा आहे. डांबर आपल्यापेक्षा चांगलं, खड्डा नाही, हे खरं. वेगाची मर्यादा मोकळ्या रस्त्यावर बहुतेक १००, गावात ५०. पण १०० ही मर्यादा आहे, सरासरी नव्हे. क्राइस्टचर्च ते क्वीन्सटाउन ४८० किलोमीटरना कुठेही न थांबता सहा तास लागतात. आणि तिथे न थांबता जाणारा माणूस मी पाहिला नाही, कारण दर दहा मिनिटांनी तुझी आजी "अहो, थांबवा जरा" म्हणत होती. ते सहाचे साडेआठ झाले.

म्हणून माळशेजचा हिशोब लाव. घाटात किलोमीटर मोजत नाहीत, वळणं मोजतात. फोन जो वेळ दाखवेल त्यात दर दोन तासांना अर्धा तास घाल. मूल बरोबर आहे, म्हणून आणखी थोडा घाल. असा चार-साडेचार तासांहून जास्त होणारा दिवस प्लॅनमध्ये एखाद-दुसराच ठेव. आणि एका रात्रीचे मुक्काम कमी कर. रोज सकाळी बॅगा भरायच्या, दहाला खोली सोडायची, दुपारी पोचायचं, संध्याकाळी नव्या खोलीत दिव्याचं बटण शोधायचं, याला सुट्टी म्हणत नाहीत. ती आमची ड्युटी होती, आणि त्याचा आम्हाला पगार मिळायचा.

तुझ्या यादीत 'क्वीन्सटाउनहून मिलफर्ड, सकाळी जाऊन संध्याकाळी परत' असं आहे. ते खोड. सगळे करतात हे मला माहीत आहे, बसवालेही नेऊन आणतात. पण बसचा ड्रायव्हर वेगळा असतो, तुझा ड्रायव्हर घरातला आहे. जायला सुमारे २९० किलोमीटर, चार तास. यायला तेवढेच. मध्ये दोन तासांची बोट. म्हणजे परतीचा तुकडा सगळ्यात दमलेल्या माणसाच्या हातात. त्याऐवजी 'ते आनाउ' नावाच्या गावी तीन रात्री राहा. तिथून मिलफर्ड ११८ किलोमीटर, दोन तास. सकाळी लवकर निघ, बसगाड्यांच्या आधी पोच, आणि जेवायच्या वेळेला खोलीवर ये.

तीन रात्री कशाला, दोनच पुरतील, असं तू म्हणशील. पण मिलफर्डला वर्षाला सहा मीटरहून जास्त पाऊस पडतो. सहा मीटर! आपल्या श्रावणाची ऐट तिथे चालायची नाही. दरड येते, हिमकडा सुटतो आणि रस्ता बंद होतो. माळशेजला पावसाळ्यात किती वेळा सरळगावला गाड्या उभ्या करून घाट मोकळा व्हायची वाट बघितली आहे मी. अशा रस्त्याला एक मोकळा दिवस हातात ठेवूनच जायचं असतं. पण एक गोष्ट आपल्या माणसाला वेगळी सांगायला नको: नुसता पाऊस पडतोय म्हणून बोटीचं तिकीट रद्द करू नकोस. माळशेजला लोक मे महिन्यात जातात का? मिलफर्डचे कडे पावसातच बोलायला लागतात. आम्ही गेलो त्या दिवशी झोडपत होतं आणि प्रत्येक कपारीतून पांढरी धार. तुझी आजी म्हणाली, "हा तर आपला घाट, फक्त खाली समुद्र."

आणि बाकीचे रस्ते? तेही बंद पडतात. २०१६च्या नोव्हेंबरात काइकोउराला भूकंप झाला तेव्हा किनाऱ्याचा मुख्य महामार्ग वर्षाहून अधिक काळ बंद होता, सगळी वाहतूक आतल्या डोंगरातल्या लुइस खिंडीतून वळवली होती. तेव्हा रोज सकाळी निघण्याआधी त्यांच्या वाहतूक खात्याच्या नकाशावर रस्ता चालू आहे का ते बघायचं. आम्ही कंट्रोलरला विचारायचो, तुम्ही फोनला विचारा.

उत्तर बेट या वेळी सोडून दे. राग येईल, पण ऐक. १६ दिवसांतले दोन विमानात जातात. उरल्या चौदा रात्री. क्राइस्टचर्चला उतर, दोन रात्री तिथे. मग टेकापोला दोन, क्वीन्सटाउनला तीन, ते आनाउला तीन. परत येताना वानाकाला एक, तिथून हास्टची खिंड ओलांडून पश्चिम किनाऱ्याला फ्रान्झ जोसेफला दोन, आणि आर्थरची खिंड चढून क्राइस्टचर्चला शेवटची एक. दोन्ही बेटं करायची तर वेलिंग्टन-पिक्टन बोट साडेतीन तासांची, त्याच्या आधी गाडी रांगेत लावायची, समुद्र खवळला तर फेरीच रद्द. आणि ऑकलंड ते वेलिंग्टन साडेसहाशे किलोमीटर वेगळेच. पुढच्या वेळी जा. ते बेट कुठे पळून जात नाही.

पहिल्या दिवशी गाडी घ्यायची नाही. हे मी सांगतोय म्हणून नको, शपथ घेऊन सांगतोय म्हणून ऐक. मुंबईहून सिंगापूर, तिथून दहा तास, आणि पोचता तेव्हा घड्याळ साडेसात तास पुढे गेलेलं असतं. त्यांची सकाळ असते आणि तुमच्या अंगात मध्यरात्र. मी तरुणपणी एकदा डबल ड्युटी करून पहाटे गाडी काढली होती. कसाऱ्याच्या उतारावर मला रस्त्यात गाय दिसली. मी ब्रेक मारला. कंडक्टर म्हणाला, "दादा, कुठंय गाय?" गाय नव्हतीच. त्या दिवसापासून न झोपलेल्या माणसाच्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. विमानतळावरून टॅक्सीने खोलीवर जा, झोपा, दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी ताब्यात घ्या आणि आधी गावातच तासभर फिरवा.

जावईबापूंना सांग, चालवायचं दोघांनी. तुझ्याकडेही लायसन्स आहे, तेही त्यांच्याच इतकं जुनं. ते आसनगावहून लोकलने मुंबईला जातात, त्यांच्यापेक्षा तुझाच हात गाडीवर जास्त बसलेला आहे. हे शेवटचं वाक्य मात्र त्यांना सांगू नकोस. आणि गाडीत कंडक्टर एकच. जो चालवत नाही तो कंडक्टर. नकाशा त्याच्याकडे, फोन त्याच्याकडे, पोराला बिस्किट द्यायचं काम त्याच्याकडे. "पुढच्या फाट्याला डावीकडे" हे त्याने फाटा यायच्या आधी सांगायचं, फाटा गेल्यावर नाही. फाटा चुकलाच तर ड्रायव्हरने भांडायचं नाही, पुढे जागा बघून गाडी वळवायची. आमच्यात बेल कंडक्टर देतो, स्टिअरिंग ड्रायव्हर धरतो, यात कोणी कोणाच्या कामात हात घालत नाही. असे जोडीदार बावीस-बावीस वर्षं टिकतात.

कागदांचं थोडक्यात. आपलं लायसन्स इंग्रजीत आहे, ते तिथे सुट्टीपुरतं चालतं. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढून घे. हजार रुपये फी आहे, वर्षभर चालतं, आणि गाडी देणारा काउंटरवरचा माणूस कधी कधी तेच मागतो. व्हिसा वेळेत. निघण्याआधी त्यांचं प्रवासी घोषणापत्र ऑनलाइन भरायचं, ते फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती खोटी. स्वस्त तिकीट सिडनी-मेलबर्नमार्गे मिळालं तर आधी ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते बघ; आपल्या पासपोर्टला लागतो. पोरगं पाच वर्षांचं आहे, सात पूर्ण होईपर्यंत मुलाला गाडीत वेगळी सीट सक्तीची आहे. ती गाडीबरोबरच बुक कर. मांडीवर घेऊन बसायची आपली रीत तिथे चालणार नाही.

आता बॅग. इथे माझी फजिती झाली होती, म्हणून जरा बैजवार सांगतो.

न्यूझीलंडला बाहेरच्या मातीची, बियांची आणि किड्यांची भयंकर भीती. त्यांचं सगळं पोट शेतीवर आणि गुरांवर, तेव्हा ते बरोबरच आहे. खाण्याचं जे काही बॅगेत आहे ते लिहून द्यायचं, अगदी पोराच्या खिशातली आवळा सुपारीसुद्धा. न लिहिता सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड, आणि डॉलर पन्नास रुपयांच्या आसपास धर. लिहून दिलेली वस्तू नको असेल तर ते फक्त काढून घेतात, दंड नाही. तुझ्या आत्याने बजावलं होतं म्हणून आजीने सुकट घरीच ठेवली. रडत ठेवली, पण ठेवली. पाकिटातला मसाला, पापड, सगळं लिहिलं. मी मात्र माळशेजच्या ठाकराकडून आणलेली मधाची बाटली गुपचूप लेकीसाठी घेतली होती. विमानात फॉर्म भरताना आजीने 'मध' असं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मुकाट्याने खूण केली. काउंटरवरच्या बाईंनी बाटली उजेडात धरली, छान हसल्या आणि पिंपात टाकली. डोंगरातला काळा मध, डोळ्यांदेखत.

मग त्या म्हणाल्या, "बूट दाखवा." मी रानातून फिरून आलेलेच बूट घालून गेलो होतो. एका फॉर्मवर विचारतात की शेतात किंवा रानात जाऊन आलात का, तिथे मी 'हो' लिहिलं होतं, शेतकऱ्याने दुसरं काय लिहायचं? त्यांनी बूट उलटे केले. तळव्याच्या खाचांमध्ये आपल्या खाचराची माती सुकून बसली होती, आणि एका खाचेत भाताचं अख्खं फोल अडकलेलं. त्या बाई ते फोल चिमट्याने काढून बघत राहिल्या. बूट आत नेले, धुऊन, ओले, पिशवीत घालून परत दिले. मी साठी उलटलेला माणूस पंधरा मिनिटं मोज्यांवर उभा. तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या चपला-बुटांचे तळवे जुन्या टूथब्रशने घासायचे. जावईबापूंचे माहुलीच्या ट्रेकचे बूट तर आधी.

गाडी भाड्याने घेताना घाई करायची नाही. आम्ही डेपोतून गाडी काढताना चारी बाजूंनी फिरून, टायरला लाथ मारून, दोष लिहून घेऊन मगच सही करायचो. तसंच करा. फोनने चारी बाजू, काच, छप्पर, टायर, आतला काटा, सगळ्याचे फोटो, तेही काउंटरवरच्या माणसासमोर. आम्हाला एका कंपनीने काचेवरच्या राईएवढ्या टवक्याचे पैसे लावले. तो आधीचाच होता, पण फोटो नव्हता, तर बोलणार काय? विम्यात 'एक्सेस' नावाची रक्कम असते, म्हणजे नुकसान झालं तर तेवढे पहिले पैसे तुझे. ती शून्य करायला रोज थोडे जास्त पैसे मागतात. रस्त्यावर खडी उडते, म्हणून मी ते भरीन. काही रस्त्यांवर विमा लागूच होत नाही: क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रोड, उत्तरेकडचा नाइन्टी माइल बीच. करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचायचं काम कंडक्टरचं.

झोपायची सोय असलेली ती मोठी कॅम्पर गाडी तुम्हाला फार आवडली आहे ते दिसलं. फोटोत छान दिसते. पण डिझेलच्या गाडीला तिथे किलोमीटरवर वेगळा सरकारी कर असतो, तो गाडी परत देताना मागतात. गाडीतलं सांडपाणी ठरलेल्या जागीच ओतायचं. आणि प्रमाणपत्राचा स्टिकर नसलेली गाडी वाटेल तिथे रात्री लावली तर ४०० डॉलरपासून पुढे दंड. शिवाय वाऱ्यात ती उंच गाडी हेलकावते. ज्याने मोठी गाडी कधी चालवली नाही त्याने परदेशात शिकू नये. छोटी गाडी आणि स्वयंपाकघर असलेलं मोटेल, हा माझा कौल.

स्वयंपाकघर हवंच. तिथल्या गावांत चहाची दुकानं दुपारी तीन-चारला बंद होतात आणि रात्री आठनंतर छोट्या गावात काही मिळत नाही. सुपरमार्केटमधून तांदूळ, डाळ, अंडी, दूध, कांदे घ्यायचे आणि खिचडी लावायची. सकाळी उरलेल्याचा डबा. डिसेंबरात टेबलाजवळ हिरव्या गवतावर बसून खिचडी खाणं हा मला त्या सगळ्या प्रवासातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला कार्यक्रम वाटला. पैसे सगळीकडे कार्डाने. आपलं धसई २०१६च्या डिसेंबरात राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून पेपरात झळकलं होतं, ते तिथे रोजचंच आहे. फक्त गाडीची अनामत क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, ते कार्ड ज्याच्या नावावर गाडी त्याच्याच नावाचं असू दे, आणि त्यावर जागा मोकळी ठेव.

पेट्रोल स्वतः भरायचं असतं. झाकणावर वाचल्याशिवाय नळी लावायची नाही. काटा अर्ध्यावर आला की टाकी भर, पाव टाकीची वाट बघू नकोस. वानाकाहून निघून हास्टमार्गे फ्रान्झ जोसेफपर्यंतच्या रस्त्यात पंप थोडे आणि फोनचं नेटवर्क त्याहून थोडं. नकाशा आधीच उतरवून घे.

चालवायचं आपल्यासारखंच डावीकडून, म्हणून लोक बेसावध होतात. बाजू तीच, पण पद्धत वेगळी. स्टॉप लिहिलं असेल तिथे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, पुढे कुत्रंही नसलं तरी. चक्रावर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मागे गाड्यांची रांग लागली तर डावीकडे जागा बघून थांबायचं आणि त्यांना जाऊ द्यायचं, मानापमान नाही. हॉर्न विसर. बारा दिवसांत मी हॉर्न एकदा वाजवला, तोही चुकून कोपर लागून, आणि समोरच्या शेतकऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की मी त्याच्या बापाला काही बोललोय.

एकेरी पूल मात्र नीट समजून घे. दक्षिण बेटावर ते खूप आहेत. पाटीवर दोन बाण असतात. तुझ्या दिशेचा बाण छोटा आणि लाल असेल तर तू थांबायचं. तुझा मोठा असेल तर तुझा हक्क, तरीही समोर बघून. आपल्याकडे अशा सांकवावर जो आधी डिपर मारतो त्याचा पूल. तिथे डिपर दिला तर समोरचा समजेल की तू त्याला "ये" म्हणतेस, आणि दोघं मध्ये भेटाल. डिपरला हात लावू नकोस.

लांब उतारावर ऑटोमॅटिक गाडीतही गिअर खाली टाकता येतो. ब्रेक दाबून दाबून तापवू नका. मिलफर्डच्या अलीकडे होमर बोगदा आहे. १९३५ साली कुदळ-फावडी घेऊन तो सुरू झाला आणि १९५४ साली गाड्यांना खुला झाला. सव्वा किलोमीटर, आतून नुसता कोरलेला दगड, छतातून पाणी ठिबकतंय आणि गाडी सरळ खाली चाललीय. तुझ्या आत्याचे हात गार पडले होते. तिने बोगद्याच्या तोंडाशी मला स्टिअरिंग दिलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

तिथेच सिग्नलला थांबलो होतो तेव्हाची गंमत. किया नावाचा हिरवा पोपट असतो तिथे, कोंबडीएवढा. दोघं उडत आले, एक बॉनेटवर, एक टपावर. बॉनेटवरच्याने वाकून माझ्याकडे बघितलं, मग शांतपणे वायपरचं रबर चोचीत धरलं आणि केळ्याची साल काढावी तसं टोकापासून सोलायला लागला. मी आतून "ए, ए!" करतोय, त्याला काही नाही. त्याला खायला द्यायचं नाही, काच खाली करायची नाही, गाडी उघडी ठेवून फोटो काढायला जायचं नाही. डबा पळवतील. आणि ज्या चावऱ्या माश्यांना ते सँडफ्लाय म्हणतात त्या आपल्या भातलावणीच्या डासांहून वाईट. पोराच्या पायांना मलम लावूनच बोटीवर चढ.

टेकापोला दोन रात्री का म्हटलं ते राहिलं. तिथलं आभाळ जगात नावाजलेलं आहे, गावात दिवेही खाली वळवून लावतात. डिसेंबरात सूर्य नऊनंतर मावळतो, म्हणून अंधारासाठी अकरापर्यंत जागावं लागेल, पोराला दुपारी झोपव. तळ्याकाठी उभं राहून उत्तरेकडे बघ. मृग दिसेल, पण उलटा. पाय वर. आपल्याकडे ज्या नक्षत्रावर पेरणीचा आडाखा बांधतो तो मृग तिथे पाठीवर पडलेला, आणि व्याध त्याच्या पायांच्या बाजूला, वर. मी पन्नास वर्षं ते नक्षत्र ओळखतो, तरी मला ओळखायला दहा मिनिटं लागली. आजीला दाखवलं तर ती म्हणाली, "मग इथे पाऊस कुणाच्या भरवशावर येतो?"

पोराला घाट लागतो, ते मला माळशेजला कळलंच आहे. त्याला निघण्याआधी दूध देऊ नकोस, खिडकीकडची सीट दे, फोन बघू देऊ नकोस, आणि कागदी पिशवी तुझ्या हाताशी ठेव, डिकीत नाही.

आता नवा कागद घे. आधी चौदा रात्री लिही, प्रत्येकीपुढे गावाचं नाव, मोटेलचा पत्ता आणि तिथे किती वाजेपर्यंत चावी देतात ते. मग मधले रस्ते भर. भरून झालं की येत्या रविवारी ये, जावईबापूंनाही आण, आजी सुकटीचं कालवण करणार आहे.

आणि तिकडे रोज मुक्कामाला पोचलात की एक मिस्ड कॉल दे. आम्ही शेवटच्या गावी पोचलो की सरपंचाच्या घरच्या फोनवरून डेपोला कळवायचो, 'गाडी लागली'. एवढंच. तुमचे रात्रीचे नऊ म्हणजे इथले दुपारचे दीड. मी जेवून ओटीवरच असतो.